इस्त्रीवाल्या मावशींची खारी टाकी

इस्त्रीवाल्या मावशींना कुणी "तुम्हाला नाही जमायचं" एवढं म्हणायचा अवकाश, ते काम झालंच म्हणून समजा. नवरा गेला तेव्हा दीर म्हणाले, वहिनी, एकटीनं दुकान चालवणं कठीण आहे. मावशींनी दुसऱ्या दिवशी शटर वर केलं, ते आजतागायत वरच आहे. हात भाजले, पाठ धरली, लेकीचं शिक्षण झालं, लग्न झालं, सगळं त्या एका इस्त्रीवर.

मग तो कोट जळला. फोन वाजला, मावशी बोलत राहिल्या, आणि गिऱ्हाइकाच्या चांगल्या लोकरी कोटाच्या पाठीवर इस्त्रीचा तिकोनी ठसा उमटला. आता चूक कुणाकडून होत नाही, सांगा! पण लेकीनं तेच धरून ठेवलं.

"आई, बास झालं. यापुढे एक जरी गडबड झाली ना, तर दुकान बंद आणि तू माझ्याकडे."

लेकीचं घर छान होतं, जावई भला माणूस होता. मावशींसाठी एक खोली रंगवूनसुद्धा ठेवली होती. त्या खोलीचाच मावशींना धसका होता. तिथे बसून दिवसभर करायचं काय, भिंतीचा रंग बघायचा?

समोरच्या दुकानात शोभेचे मासे मिळत. मालकाला कुणी मासेवाला म्हटलं की त्याला राग यायचा, म्हणून सगळे टाकीवाला म्हणत. मावशी त्याचे शर्ट द्यायला गेल्या आणि समुद्रातल्या माशांच्या टाकीपुढे खिळल्या. केशरी अंगावर पांढरे पट्टे, आणि पट्ट्यांच्या कडा कशा, कडक इस्त्री केल्यासारख्या.

"हे नवख्याचं काम नाही, मावशी. गोड्या पाण्यातले घ्या. खारं पाणी तुम्हाला नाही जमायचं."

झालं! आठवड्याच्या आत मावशींच्या काउंटरवर काचेची टाकी आली. टाकीवाल्यानं बजावलं होतं की पाण्यात समुद्री मीठ घाला, दगड ठेवा आणि महिनाभर गप्प बसा. डोळ्यांना न दिसणारे जीव आधी वाढू द्या, माशाची घाण तेच पचवतात. पण मावशींचा जन्म गेला "अर्जंट आहे" ऐकण्यात. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतंय, मग थांबायचं कशाला? त्यांनी मासा सोडला आणि तो मेला. मावशींनी त्याला कुंडीत पुरलं. लेकीला कळूच दिलं नाही.

दुसऱ्या वेळी मात्र त्या थांबल्या. रिकाम्या टाकीकडे बघून गिऱ्हाइकं हसायची, "मावशी, पाणी पाळलंय का?" मावशी म्हणायच्या, "हो, आणि ते तुमच्यापेक्षा गुणी आहे." पुढे मासा आला. इस्त्रीचा वाफारा सुरू झाला की तो काचेशी येऊन बघत बसे. मावशी त्याला साहेब म्हणायच्या.

इस्त्रीच्या खोलीत उकाडा किती! पाणी तापू नये म्हणून मावशींनी टाकीवर पंखा लावला. मग पाणी भराभर आटू लागलं. रोज सकाळी मावशी तांब्याभर पाणी मीठ कालवून भरायच्या. समुद्रातला मासा, त्याला खारंच पाणी नको का? काठावर पांढरी धूळ बसे, तीही त्या ओल्या फडक्यानं पुसायच्या. खारेपणा मोजायची काचेची कांडी पहिल्या दिवसानंतर खणात बटणांमध्ये पडून होती.

रविवारी लेक आली ती भलीमोठी रिकामी बॅग घेऊनच. आत येते तो साहेब तळाशी आडवे. कल्ले जोरजोरात हलत होते.

"बघ! एक मासा सांभाळता येत नाही तुला. उद्या तुलाच काही झालं तर मी कुठे धावू? भर कपडे."

मावशींचा हात सवयीनं टाकीच्या काठावरून फिरला. बोटाला पांढरं लागलं. असलंच पांढरं वाफेच्या इस्त्रीच्या भोकांत साठतं, ते त्या दाभणानं खरवडून काढतात. पाण्याची वाफ होते, आतलं पांढरं मागे राहतं. मावशींनी बोट जिभेवर ठेवलं. खारट!

"अगं बाई! मीठ उडून जात नाही गं, नुसतं पाणी उडतं. आणि मी मेली रोज वर मीठ घालतेय!"

कांडी खणातून निघाली, पाण्यात सोडली. पाणी जितकं खारं तितकी ती वर; खुणेच्या कितीतरी वर तरंगत राहिली. मावशींनी टाकीतलं थोडं पाणी काढलं, फिल्टरच्या गोड्या पाण्याची बादली ओढली. लेकीनं झटकन बादली उचलली.

"मग हो बाजूला, ओतते सगळं."

"खबरदार! पहिला मासा मी घाई करून मारला. हा तू मारू नकोस."

"पहिला? म्हणजे आधीही एक मेला?"

"हो, मेला. माझ्या चुकीनं मेला. आता गोडं पाणी जाईल ते थेंब थेंब जाईल."

बादली टाकीपेक्षा उंच हवी होती. मावशींनी इकडेतिकडे बघितलं, लेकीची बॅग उचलली, काउंटरवर आडवी ठेवली आणि तिच्यावर बादली चढवली. बादलीतून टाकीत बारीक नळी सोडली आणि धार लागू नये म्हणून तिला गाठ मारली. पाणी टपटप पडू लागलं.

लेक बॅगेकडे बघतच राहिली. "आई, मला भीती वाटते गं तुझ्यासाठी."

"वाटू दे. मलाही वाटते. पण ऐक, हा मेला तरी मी येणार नाही. कोट जाळीन, मासे मारीन, ज्या काय चुका करायच्या त्या इथे करीन आणि मीच निस्तरीन. तुझ्या रंगवलेल्या खोलीत माझ्या हातून एक चूक व्हायची नाही, कारण तिथे माझ्या हाताला काही कामच नसेल."

लेकीचे डोळे भरले. ती स्टुलावर बसली आणि मधूनमधून नळीची गाठ सैल होते का ते बघत राहिली. मावशी शर्टांच्या ढिगाकडे वळल्या, पण मान वळवून वळवून टाकीकडे बघत होत्या.

दिवे लागायच्या सुमारास साहेब सरळ झाले. इस्त्रीनं वाफ सोडली तसे डुलत डुलत काचेशी आले. लेक हसली, डोळे पुसून उठली. जाताना सवयीनं तिचा हात बॅगेकडे गेला.

"राहू दे ती," मावशी शर्टावरून इस्त्री फिरवत म्हणाल्या, "टाकीला लागेल अजून."