वीस तारखेचा माणूस

दोन हजार अठरा साल होतं आणि मी पासष्ट वर्षांचा होतो, तेव्हा हा माणूस पहिल्यांदा माझ्या दुकानासमोर गाडी थांबवून उभा राहिला. खाली उतरला नाही. एक पाय रस्त्याला टेकवला, दोन्ही पंजे उघडून दाखवले, मिटले, पुन्हा उघडून दाखवले आणि निघून गेला. मला वाटलं, मुका असेल. शेजारचा पंक्चरवाला हसत म्हणाला, "आबा, वीस तारीख सांगून गेला."

कडेगावच्या बाजारात तुम्ही कधी आला असाल तर तुम्हीही त्याला पाहिलं असेल. केसांना काळाभोर कलप, खिशाला दोन पेनं, आणि तोंडावर कायम असा भाव की घरात कुणाला तरी ताप आलाय. झेरॉक्सच्या दुकानात मागच्या कोपऱ्यात त्याची खुर्ची. दुकानदारांची जीएसटीची, इन्कमटॅक्सची रिटर्नं भरायची हा त्याचा धंदा. मूळचा रहिमतपूरचा. खरं नाव कुणी घेत नसे. सगळे त्याला वीसतारखे म्हणत आणि तोही ओ देत असे.

माझं वेल्डिंगचं दुकान. उसाच्या बैलगाड्या, ट्रॉलीचे फाळके, दारं, खिडक्या. बाप मेंढरांमागं फिरला. मी तिसरीपर्यंत शाळेत गेलो, बाकीचं लोखंडाकडून शिकलो. कुणापुढं वाकून उभं राहणं मला जमलं नाही, अजून जमत नाही. पण कारखान्याच्या गाड्यांचं काम जीएसटीच्या बिलाशिवाय मिळेना, म्हणून आमच्या घरच्या मालकिणीनं त्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन तो नंबर काढून आणला. माझ्याकडं फोन नव्हता, मला तो नकोच होता. कागदावर तिचाच मोबाईल लावला. रिटर्न भरताना त्यावर आकडा येतो आणि तो आकडा सांगितल्याशिवाय रिटर्न जात नाही, एवढं मला कळलं.

हंगाम संपला की आमच्याकडं काम नसतं. त्या उन्हाळ्यात तो आला तेव्हा मी त्याला बसवूनच विचारलं, "काय इकलंच न्हाई, तर सरकारला सांगायचं काय रं?"

"इकलं न्हाई, हेच सांगायचं."

"आन् न्हाई सांगितलं तर?"

"दंड. रोजचा. तुमी झोपलासा तरी त्यो चालतोय."

मी त्याला बरंच ऐकवलं. मी चोर नाही, कुणाचं घेतलं नाही, दुकान बंद ठेवल्याबद्दल दंड कसला, असं सगळं. तो शांतपणे चहा प्यायला आणि म्हणाला, "चोर हाय का साव हाय, हे कोन बगत न्हाई आबा. तारीख बगत्यात."

त्यानंतर दर महिन्याला तो यायचा, पंजे दाखवायचा. मी मुद्दाम तोंड फिरवून काम चालू ठेवायचो. पुष्कळ दिवसांनी माझ्या लक्षात आलं की हात मला दाखवायचे नव्हतेच. दुकानामागं आमचं घर, आणि मधल्या दारात ही उभी असायची. ती मान हलवायची, तो जायचा. पुढचं दोघांचं फोनवर व्हायचं. माझ्या हेक्याला त्या दोघांनी असं बाजूनं वाट काढून दिली होती.

माणूस तसा चिकट आणि भित्रा. वीस तारीख जवळ आली की त्याचं जेवण तुटायचं. ॲसिडिटीचं गुलाबी औषध बाटलीनंच तोंडाला लावायचा. एका व्यापाऱ्यानं त्याचं ऐकलं नाही, त्याचा नंबर गेला, आणि त्यानं भर बाजारात ह्यालाच आईबहिणीवरून शिव्या दिल्या. हा खाली मान घालून उभा. त्याचा नंबर परत चालू झाला आणि पुढच्या महिन्यात बघतो तर त्याच व्यापाऱ्याच्या दारात गाडी लावून पंजे दाखवतोय. एकवीस तारखेला मात्र तो निराळा माणूस असायचा. दुकानात येऊन ऐसपैस बसायचा, भजी मागवायचा, पैसे मला द्यायला लावायचा आणि साहेब लोकांच्या नकला करायचा. ही आतून हसायची, ते मला बाहेर ऐकू यायचं.

मग ती आजारी पडली. सांगलीला दवाखाना, परत घर, परत दवाखाना, यात अर्धं वर्ष गेलं. फोन तिच्या उशाला बंद पडून. तो दारापर्यंत यायचा, पंजे काही दाखवायचा नाही, तब्येत विचारून जायचा. एकदा चाचरत म्हणाला की रिटर्नं तटलीत. मी म्हणालो, तटू देत.

ती गेली. सावडून आलो त्या दिवशी घरात पाहुणे बसले होते. मुलगा नाही, अग्नी मीच दिला होता, त्यामुळं घोंगड्यावर मी. उंबरा ओलांडायचा नाही. तो चारचौघांबरोबर आला, बगलेत लॅपटॉपची पिशवी. बसला. बाकीचे उठले तसा उठला. दारात गेल्यावर मागं वळला, आणि त्याचे हात आपोआप छातीपर्यंत वर आले. पंजे उघडले. लगेच खाली घेतले.

माझ्या मेव्हण्यानं ते बघितलं. "मयताच्या घरात हात कसलं नाचवतूयस रं?" तो उठलाच.

"नोटीस आलीया," हा म्हणाला. "मुदत आज सांजपातूर. आज सगळी रिटर्नं गेली न्हाईत तर आबांचा नंबर जातोय."

मी म्हणालो, "जाऊ दे. माणूस गेलं, नंबर घिऊन काय करू?"

तो हलला नाही. मेव्हणा त्याच्या अंगावर जाऊन उभा राहिला. सुतकात सहीशिक्का नाही, व्यवहार नाही, असं बरंच काही बोलला, आणि ते चुकीचंही नव्हतं. सगळं घर त्याच्याकडं रागानं बघत होतं. त्याचा चेहरा घामानं भिजला होता. तो फक्त माझ्याशी बोलला.

"आबा, काकींनी दवाखान्यातल्या नर्सच्या फोनवरनं फोन केलता. म्हनाल्या, आमच्या माणसाला तारखा कळत न्हाईत. दुकान बंद पडलं तर त्ये दोन दिस जगायचं न्हाईत. तुमी बगा."

माझी लेक शिराळ्याहून आली होती. ती रडत भिंतीला टेकून बसली होती. मी तिला आईचा फोन काढायला सांगितलं.

तो आत आला नाही. बाहेर पायरीवर बसून त्यानं लॅपटॉप मांडीवर घेतला. लेकीनं फोन चार्जिंगला लावून चालू केला. जरा वेळानं तो वाजला. तो आवाज फक्त तिच्यासाठी यायचा. लेक आकडा वाचायला लागली आणि मधेच तिनं फोन माझ्या हातात दिला. अक्षर मला अडतं, आकडा अडत नाही, जन्म टेपनं मापं घेण्यात गेलाय. मी घोंगड्यावर बसून मोठ्यानं आकडा सांगितला. बाहेरून आवाज आला, "पुढचा येतोय आबा." पुन्हा वाजला. पुन्हा सांगितला. एकेका महिन्याचा एकेक. दंड लेकीनं भरला. मेव्हणा तोंड फिरवून बसला होता, पण शेवटी शेवटी तोही फोन वाजायची वाट बघायला लागला.

"झालं," तो म्हणाला.

सुतकाच्या घरातून निघताना येतो म्हणत नाहीत. पाणीही घेत नाहीत. त्यानं पिशवी बगलेत मारली, गाडीला किक मारली आणि गेला.

नंबर राहिला. त्या हंगामात गाड्या केल्या, पुढच्याही केल्या. दुपारचं घर खायला उठायचं तेव्हा ग्राइंडर चालू करायचो. तो मला म्हणाला होता, "आबा, कागदावरचा मोबाईल बदलू या. काकींचं सिम बंद पडंल." मी म्हणालो, बदलायचा नाही. त्यानं आणखी एकदा विचारलं आणि मग सोडून दिलं. फोन तिच्या फोटोजवळ फळीवर असतो. महिन्याला एकदा वाजायचा, मी आकडा सांगायचो.

गेल्या दिवाळीनंतर त्याच्या छातीत दुखलं. सांगलीला नेलं, तो परत आला नाही. रहिमतपूरला मातीला मी गेलो होतो. निम्मा कडेगावचा बाजार तिथं उभा होता. आता आपली रिटर्नं कोण भरणार, हे प्रत्येकाच्या पोटात होतं, पण कुणी बोललं नाही. मीही त्यातलाच.

त्याच्या खुर्चीत आता एक मुलगी बसते. हुशार आहे, पण कुणाच्या दारात जात नाही. त्या महिन्याच्या एकोणीस तारखेला मी फोन घेऊन तिच्याकडं गेलो. तिनं आकडा पाठवला. फोन वाजला नाही. पुन्हा पाठवला, तरी नाही. शेवटी ती म्हणाली, दुसरा कुणाचाही मोबाईल लावू, कशाला धरून बसताय. मी उठलो आणि मोबाईलच्या दुकानात गेलो.

त्या पोरानं बघितलं आणि म्हणाला, "रिचार्ज सपलंय आबा."

"मी कवाच केलं न्हाई."

"मग कुनीतरी मारत हुतं. त्याबिगर एवढं दिस चाललं असतं व्हय?"

लेकीला विचारलं. तिला वाटत होतं, मीच करतोय. हा नंबर कशाला लागतो, हे आमच्याशिवाय फक्त त्याला माहीत होतं. भज्याचे पैसे न देणारा माणूस. मला एका शब्दानं बोलला नाही.

त्या संध्याकाळी मोबाईलच्या दुकानातलं नेट बंद होतं, म्हणून काम झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं शटर उघडायच्या आधीच मी तिथल्या पायरीवर जाऊन बसलो. पोरगं आलं, फोन बघितला आणि विचारलं, "महिन्याचा मारू का तीन महिन्यांचा?"

मी म्हणालो, "सगळ्यात लांबचा कंचा हाय?"

"वर्साचा हाय. पर आबा..."

"त्योच मार," मी म्हणालो.