विहीणबाईंची साडी आणि रघुवीररावांचं तोंड

परळच्या रघुवीर कर्णिकांना पायरी चढताना पाहिलं की साडीच्या दुकानाचा मालक स्वतः गल्ला सोडून उठतो. "या काका, चहा घेऊ," म्हणतो आणि खांद्यावर हात ठेवून त्यांना कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत घेऊन जातो. आदरातिथ्य वगैरे काही नाही. माणूस दुकानापासून जेवढा लांब नेता येईल तेवढा बरा, इतकाच हेतू.

चोवीस वर्षं रघुवीररावांनी मिलच्या छपाई खात्यात कापड तपासलं होतं. छापलेलं कापड टेबलावरून सरकत यायचं आणि जिथे चूक दिसेल तिथे हे खडूने फुली मारायचे. फुली पडली की तो तागा सेकंडच्या मालात. पुढे मिल बंद झाली, टेबल भंगारात गेलं, डोळे मात्र घरी आले. आता कुठेही छापील कापड दिसलं की त्यांची मान आपोआप खाली जाते, बोटं कापड उलटं करतात, आणि तोंडाबद्दल तर बोलायलाच नको. दादरच्या भाजी मंडईत एका अनोळखी बाईंना त्यांनी मागून हाक मारून सांगितलं होतं, "बाई, तुमच्या पाठीवरचा मोर हुकलाय." त्या बाईंच्या हातात तेव्हा चांगला दीड हात लांब दुधी होता. शेजारच्या बुधाजींच्या तेराव्याला अंथरलेल्या चादरीचे चौकोन जुळत नाहीत, हेही त्यांनी बुधाजींच्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं. तो बिचारा मान हलवत राहिला.

ऐकणारा सापडला तर ते सगळं शास्त्र सांगत. ठशाची छपाई म्हणजे लाकडी ठसा रंगात टेकवायचा आणि हाताने कापडावर मारायचा. हात दमतो, हलतो, त्यामुळे एक फूल दुसऱ्यासारखं तंतोतंत येत नाही. स्क्रीनची गोष्ट वेगळी. चौकटीवर ताणलेली जाळी, प्रत्येक रंगाला स्वतंत्र चौकट, आणि जाळीत कुठे खोट असली तर तीच खोट दर वितीवर बिनचूक उमटणार. "हाताची चूक फिरती असते, स्क्रीनची चूक घर करून राहते," असं ते म्हणत. हे वाक्य सुरू झालं की त्यांच्या पत्नी, ललिताबाई, स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावत. डिजिटल छपाई मात्र रघुवीरराव हिशेबातच धरत नसत. "ती छपाई नव्हे, झेरॉक्स," की विषय संपला.

असा हा माणूस, आणि त्याच्या मुलीचा साखरपुडा ठरला.

नूपुरने स्वतःच जमवलं होतं. मुलगा गिरगावातला, सिद्धार्थ धैर्यवान. वडील देवदत्त चार वर्षांपूर्वी गेलेले, आई यशोदाबाई बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या. घरी कर्णिक कायस्थ, तिकडे पाठारे प्रभू. मासे दोघांनाही जीव की प्राण, फक्त ते कोणाला जास्त कळतात यावर दोन्ही घरांचं एकमत होणं शक्य नव्हतं. त्यावाचून अडलंही नसतं. अडलं ते साडीवर. साखरपुड्याच्या आठ दिवस आधी यशोदाबाईंचा फोन आला, की सुनेसाठी साडी घेतलीय, अस्सल ठशाची, हातछपाईची, आणि ती बघून रघुवीरराव खूश होतील.

फोन ललिताबाईंनी घेतला होता. फोन ठेवला आणि त्यांनी नवऱ्याला देवासमोर उभं केलं.

"शपथ घ्या. साडी कशीही असली तरी तोंड उघडायचं नाही."

"अगं पण चांगली असेल तर?"

"चांगली असली तरी नाही. तुमचं चांगलंसुद्धा 'पण' लावून येतं."

रघुवीररावांनी शपथ घेतली. ललिताबाईंचा नवऱ्यावर विश्वास होता, त्याच्या शपथेवर नव्हता. म्हणून त्यांनी वर पुस्ती जोडली, "तोंड उघडलंत तर वर्षभर या घरात सोडे शिजणार नाहीत." सुक्या कोलंबीच्या खिचडीसाठी जीव टाकणाऱ्या कायस्थाला याहून मोठा धाक नसतो. शिवाय पोरीचं सासर होतं. पहिल्याच दिवशी विहिणीचा अपमान झाला तर तो नूपुरला जन्मभर फेडावा लागला असता, हे रघुवीररावांना नीट कळत होतं आणि त्यांना त्याची खरोखर भीती वाटत होती.

साखरपुड्याला घरात तीसेक माणसं दाटीवाटीने बसली. यशोदाबाईंनी तबकातली साडी काढून नूपुरच्या मांडीवर उलगडली. पांढऱ्या सुतावर निळ्या-जांभळ्या वेली. बायका "अगंबाई" करून पुढे सरकल्या. रघुवीरराव खिडकीतून बाहेर पाहत होते. समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी त्यांनी इतक्या बारकाईने कधीच पाहिली नव्हती.

"कर्णिकसाहेब, तुम्ही बघतच नाही!" यशोदाबाई म्हणाल्या. "तुमच्यासारखा जाणकार घरात असताना मी दुसऱ्या कोणाला विचारू?"

त्यांनी पाहिलं. एकदाच, ओझरतं. पण तेवढं पुरे झालं. वेलीच्या तिसऱ्या पानाला टोकाशी टवका होता. वीतभर पुढे पुन्हा तिसऱ्या पानाला तोच टवका. त्याच्या पुढेही तोच. स्क्रीन! त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं आपोआप खडू धरल्यासारखी जुळली.

"पोत छान आहे," ते म्हणाले.

"आणि छपाई?"

"रंग... निळा आहे."

नूपुरने डोळे मिटून घेतले. यशोदाबाईंचं काही समाधान झालं नाही. बँकेत कर्जाचे अर्ज तपासलेल्या बाई त्या, अर्धवट उत्तरावर सही करणाऱ्या नव्हेत. "नुसता निळा? अहो, मी काल चष्मा लावून मोजल्या, सतरा छटा आहेत! चार महिने लागले म्हणे कारागिराला."

"सतरा?" पेढ्यांचं ताट घेऊन आत येणाऱ्या ललिताबाई दारातच थांबल्या. "मग ही ठशाची कसली? डिजिटल झाली!"

शब्द तोंडातून गेले आणि मग त्यांचा हात तोंडावर गेला. पण आता हात नेऊन उपयोग काय? आणि या घटकेला ज्या एका माणसाने गप्प बसायला हवं होतं, तो आठ दिवस कोंडलेल्या वाफेसारखा उसळला.

"डिजिटल नाही गं, स्क्रीन! तिसऱ्या पानाचा टवका बघ, दर वितीला तोच!"

"तो टवका मुद्दाम काढलाय हो! हाताचं वाटावं म्हणून कंप्यूटरवर काढतात चुका."

"चुका मुद्दाम?" रघुवीररावांना हे नवीन होतं. चूक मुद्दाम करणारा माणूस त्यांच्या कल्पनेत बसेना.

"आणि स्क्रीन म्हणता, तर सतरा रंगांना सतरा चौकटी लागतील. एका साडीसाठी कोण खपेल एवढं? उलटी करा. करा ना!"

रघुवीररावांनी नूपुरच्या मांडीवरून साडीचं टोक ओढून उलटं केलं. मागची बाजू फिक्कट, रंग वरच्या वर बसलेला. ती त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली, डोळ्यांजवळ नेली. छटा एकीतून दुसरीत विरघळत गेलेल्या, कुठे जोड नाही, कुठे काठ नाही.

"हो गं," ते म्हणाले, "डिजिटलच. झेरॉक्स." आणि मग थक्क होऊन, "तुला कसं कळलं?"

"बुधवारी मी भजनाला जाते ना, ती भजनाला जात नाही. दादरला साड्यांची प्रदर्शनं बघते. तुम्हाला बरोबर घेऊन कोणी काही बघू देतं का?"

मिक्सर लावून बसणारी ही बाई इतकी वर्षं ऐकत होती, आणि ऐकून आपल्याही पुढे निघून गेली होती. रघुवीररावांना इतका आनंद झाला की ते तीस माणसांसमोर हसले. मग त्यांना ऐकू आलं की बाकी कोणीच हसत नाहीये.

सिद्धार्थ जमिनीकडे पाहत होता. नूपुरच्या गालावरून एक थेंब ओघळला. यशोदाबाई ताठ बसून होत्या. मग त्यांनी सावकाश स्वतःच्या अंगावरच्या साडीचा पदर खांद्यावरून पुढे घेतला आणि रघुवीररावांसमोर धरला. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली, लाल बुट्ट्यांची साडी होती.

"आणि ही?" त्यांनी विचारलं. "आमच्या ह्यांनी आणली होती, सिद्धार्थच्या बारशाला. म्हणाले होते, हाताची आहे. खरं काय ते सांगा. आता मला सगळं खरंच ऐकायचंय."

ललिताबाईंना जिथे उभ्या होत्या तिथूनच दिसलं होतं. रघुवीररावांना तर पदर हातात येण्याआधीच दिसलं: प्रत्येक बुट्ट्याच्या डाव्या अंगाला एक बारीक लाल ठिपका. जाळीला पडलेलं एकच भोक, पदराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, न चुकता.

त्यांनी पदर दोन्ही हातांत घेतला. उलटा केला, सुलटा केला. बोट फिरवलं. इतका वेळ लावला की भटजींनी घड्याळ पाहिलं. चोवीस वर्षांत खोटा माल पास करायला त्यांना कोणी कमी आग्रह केला नव्हता. साहेबांनी केला, दलालांनी केला. असा पदर पुढे करून कोणी विचारलं नव्हतं.

"ठशाची," रघुवीरराव म्हणाले. घसा साफ करून पुन्हा म्हणाले, "अस्सल. कारागीर कसबी होता हो, विहीणबाई. हात जराही हललेला नाही."

यशोदाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "तीस वर्षं मी त्यांना म्हणत होते, तुम्हाला फसवलंय दुकानदाराने. एकदाही मी त्यांचं खरं मानलं नाही." त्यांनी त्याच पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि नूपुरला जवळ ओढून तिच्या मांडीवर ती डिजिटल साडी नीट घडी करून ठेवली. "ही नेस गं बिनधास्त. झेरॉक्स तर झेरॉक्स, दिसते छान." नूपुर रडता रडता हसली. भटजींनी घाईघाईने मंत्र सुरू केले. ललिताबाई सोड्यांचा डबा कोणत्या फळीवर आहे ते आठवू लागल्या.

मंत्र संपतात न संपतात तोच यशोदाबाई रघुवीररावांच्या शेजारी येऊन बसल्या. चेहरा कसा अगदी उजळला होता.

"कर्णिकसाहेब, ह्यांनी आणलेल्या अजून अकरा आहेत घरी. प्रत्येकीवरून आमचं भांडण झालंय. रविवारी सगळ्या घेऊन येते, एकेक करून बघून सांगा."

रघुवीररावांनी मदतीसाठी ललिताबाईंकडे पाहिलं. त्या पेढ्यांचं ताट घेऊन केव्हाच दुसऱ्या खोलीत गेल्या होत्या.