मारुतीकाकांचा कॉलम

आमच्या घरी अंगारा-धुपारा, बाहेरची बाधा असलं कधी कुणी बोललंच नाही. मी स्वतः प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी... त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतोय.

मी नांदेडला एमएस्सी करते. माझा प्रोजेक्ट म्हणजे देगलूरजवळच्या माळावरच्या काळविटांची मोजणी. सरांनी पद्धत शिकवली – दोघांनी दोन टोकांवरून एकाच वेळी मोजायचं, एकमेकांचा आकडा बघायचा नाही. दुसरे मोजणारे मारुतीकाका. त्यांचं शेत माळाला लागूनच. दर रविवारी सकाळी सातला मोजणी. काका कागदाची घडी करून द्यायचे, मी वर तारीख टाकून तशीच फाईलला लावायचे.

पाच रविवार झाल्यावर शनिवारी दुपारी लॅबमध्ये सगळं एक्सेलमध्ये भरलं. माझे आकडे – चौदा, चौदा, अकरा, अकरा, सहा. काकांचे – चौदा, अकरा, अकरा, सहा, शून्य.

सर म्हणाले, "हे अंदाजे लिहितात. कॉलम काढून टाक."

कॉलम हलवताना तो चुकून एक ओळ खाली पेस्ट झाला... आणि आकड्याला आकडा जुळला. काकांनी लिहिलेला प्रत्येक आकडा मी पुढच्या रविवारी मोजला होता! उरलं फक्त शून्य – उद्याच्या ओळीत.

मी लगेच फोन केला. "काका, गेल्या रविवारी सहा होते की हो. शून्य का लिहिलं?"

"एक बी दिसलं न्हाई, ताई. जे दिसलं तेच लिवलं."

सरांना सांगितलं, ते हसले. वनखात्याला कळवावं वाटलं, पण सांगणार काय?

रविवारी पहिली एसटी पकडली. काका बिनकठड्याच्या विहिरीपाशी उभे होते. पहाटे कुत्र्यांनी कळप पिटाळला होता. सहाच्या सहा आत... पाण्यावर एका नराची शिंगं तेवढी दिसत होती. माळावर काहीच नव्हतं.

महिन्याभरानं मी काकांना दुसऱ्या माळावर मोजायला बोलवायला गेले. ते मान हलवत राहिले.

"मला आता मोजाया लावू नका, ताई. परवा सून स्वयंपाक करून राहिली. म्हणली, मामा, ताटं किती घेऊ? म्या समदी माणसं बघून चार म्हणलं... घरात आम्ही पाच हाव."

कोण सुटलं मोजण्यातून, हे त्यांनी सांगितलं नाही. मलाही विचारवलं नाही.

सर म्हणतात, पाच ओळींच्या डेटावरून काही सिद्ध होत नाही. बरोबर आहे. पण काकांच्या घरी फोन करायचा धीर अजून होत नाही.