पंख्यात झेंडू

बाबू मिस्तरी गेला हे सांगाया मानूस आला, तवा मी गाडीखाली उताना पडल्यालो. दचकून उठलो आन् टाळकं बंपरला हानलं. रडाया लागलो तर बायको म्हनली, "एवढं लागलं व्हय?" मी आपलं व्हय म्हनलो... महिना झाला. टेंगूळ बसलं, मिस्तरी काय मनातनं हालंना. मला लिव्हता येत न्हाई. मी सांगतो, पोरगी लिहिती.

केडगावात पुणे रोडला त्याचं ग्यारेज, मागं घर. मी जुन्या अँबॅसिडरमधी राहुरी-नगर शिटा भरायचो. गाडी आदी थंड डोंगरावरच्या कुन्या सायबाची, म्हनून तिला हिटर हुता. धुक्यानं काच आंधळी झाली की पंखा गरम वारा मारायचा. मी गाडी चालू केली की लगीच पंखा लावून शिटांना सांगायचो, "इमानात बसलाय तुमी!" एका साली दसरा झाला, थंडी पडली, आन् गाडी खरखर वरडाया लागली. मला वाटलं, इंजिन गेलं. ऑइल बदललं, चाकं खोलली, लिंबू-मिरची बांधली. शेवटी देवीचं नाव घेऊन बानेटावर दसऱ्यासारखाच झेंडूचा आनखी एक हार चढवला. आवाज दुप्पट! इंजिन बांधायची आपली ऐपत न्हाई... गाडी इकायची आन् परत ऊस तोडाया जायाचं, असं ठरलं. श्रीगोंद्याच्या गिऱ्हाइकाला मी मिस्तरीच्याच दारात बोलावलं.

मिस्तरी पान्याला हात लावायच्या आदी मालकाकडनंच आवाज काढून घ्यायचा. "वाजव तोंडानं." मी भर रस्त्यात गाल फुगवून खर्रर्र केलं. चार मान्सं जमली, एक कुत्रं पळालं.

"इंजिन असं न्हाई वरडत. बंद कर. चावी तेवढी ऱ्हाऊ दे."

बंद केलं. खरखर हायच! मग त्यानं पंख्याचं बटान बंद केलं... गप.

"इंजिन निजलंय तरी बोंब. मंग बिचाऱ्या इंजिनाला कशापायी इकतो, गन्या?"

डॅशबोर्डाखाली शिरून त्यानं पंखा काढला. पात्यांत मूठभर झेंडू! काचंपुढच्या हवेच्या फटीतनं पाकळ्या आत पडल्याल्या. "देवीला वाहिलास, पर जेवला पंखा." त्यानं झेंडू काढला, वाकडं पातं सरळ केलं, मधी तेलाचे दोन थेंब सोडले. पंखा असा गप फिरला की मी तीनदा हात लावून बघितलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मिस्तरी म्हनला, "गाडी इकायची न्हाई. मालक इकायचाय, नेतो का?" गिऱ्हाइकानं मला खालवर बघितलं आन् न्हाई म्हनलं.

मग मिस्तरी घरात गेला, चाची गाळनी आनली, दांडी कापून फटीवर बसवली. आतनं वयनी वरडल्या, "अवो, चा कशानं गाळू?"

परवा वयनींना भेटाया गेलो. म्हनलं, "गाळनी अजून गाडीलाच हाय. काढून देऊ?"

"नगं! मला चार मिळत्याल. गाडी परत वरडाया लागली तर तू रोज हितंच बसशील चा प्यायला."

लई दिसांनी दोघंबी पोट धरून हसलो. मग त्या उठल्या, चा ठेवला... आन् फडक्यानं गाळून दिला.