डिस्क पास करणारं बोट

आमच्या संसारात दुकानाबाहेर ताटकळायचं काम आधी आमच्या यांच्याकडे होतं. मी साडीच्या दुकानात शिरले की हे बाहेर स्कूटरला टेकून उभे. साडी घेताना मी रंग आणि काठ नंतर बघते, आधी पदर अंगठ्यात आणि बोटात धरून चोळून पाहते. त्याला वेळ लागतो. दुकानदारांनी कधी तक्रार केली नाही, यांनी मात्र प्रत्येक वेळी केली. हात लावून कपडा काय सांगणार आहे, असं यांचं म्हणणं.

रिटायर झाल्यावर यांनी सुतारकामाचा नाद लावून घेतला आणि वारं फिरलं. आता दुर्ग शहरातल्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात मी स्टुलावर बसून जांभया द्यायचे आणि हे काउंटरवर सँडरच्या डिस्का निवडायचे. सँडर म्हणजे लाकूड घासायचं विजेचं यंत्र. त्याच्या खाली तळहाताएवढी गोल गादी गरगर फिरते आणि तिच्यावर रेगमालाची, म्हणजे सँडपेपरची, चकती चिकटवायची असते. तीच डिस्क. मला ती वाळू लावलेल्या पापडासारखी दिसायची, पण हे म्हणायचे की लाकूड कितीही चांगलं आणा, डिस्क भिकार असली तर काम भिकारच होणार.

डिस्क निवडायची यांची एक पद्धत होती आणि ती पाहून भलेभले दुकानदार टेकीला यायचे. आधी डिस्क अर्धी वाकवायची. कागदाला भेग पडली तर ती बाद. मग पाठीची वेल्क्रो नखानं ओढून बघायची. मग तिची भोकं यंत्राच्या भोकांवर नेमकी बसतात का ते पाहायचं, कारण नाही बसली तर भुसा आत ओढला जात नाही, मध्येच अडकून लाकूड खराब करतो. मग काउंटरवर आपटून दाणे झडतात का ते पाहायचं. आणि हे सगळं झालं की डोळे मिटून तर्जनी हलकेच सगळीकडे फिरवायची. बारीक दाण्यांत एखादा जाड दाणा राहिलेला असला तर तो लाकडावर वेलांटीसारखे ओरखडे काढतो. एका नासक्या आंब्यानं आढी नासावी तसा प्रकार. असा दाणा सापडला की खिशातून खडू निघायचा आणि डिस्कच्या पाठीवर फुली पडायची.

हा खडू प्लांटमधला. म्हणजे सवय प्लांटमधली. हे तिथे, पोलादाच्या कारखान्यात, इन्स्पेक्शनला होते. दुसऱ्यांनी केलेला माल तपासायचा आणि पास की रिजेक्ट ते सांगायचं, ही जन्मभराची नोकरी. डोळ्याला न दिसलेला ओरखडा यांच्या बोटाला सापडतो, असं यांचे जोडीदार आमच्या क्वार्टरमध्ये पोहे खाताखाता सांगायचे. मी त्यातलं निम्मंच खरं धरायचे. घरी मात्र त्या बोटाचा मला फार जाच होता. धुतलेल्या ताटावर ते फिरायचं, पुसलेल्या ओट्यावर फिरायचं. एकदा मी म्हटलं होतं की बायकोवर फुली मारायची राहिली आहे तेवढी. तर म्हणाले, तो माल घेताना तपासायचं राहून गेलं.

मुलगी पुण्याला असते. मागच्या वर्षी नात खुर्च्या-टेबलं धरून उभी राहायला लागली आणि मुलीनं प्लास्टिकचा वॉकर मागवायचं काढलं. तिथल्या डॉक्टरांनी तो नको म्हणून सांगितलं. हे ऐकून यांना इतका आनंद झाला की फोनवर मुलीचं वाक्य पुरं होईपर्यंतही यांना धीर धरवला नाही. म्हणाले, पांगुळगाडा मी करतो, दिवाळीला याल तेव्हा तयार असेल.

आमच्या लग्नातला सागवानी पलंग मोडून ठेवलेला होता. त्याच्या लाकडातून यांनी गाडा केला. तीन चाकं, उभी चौकट आणि वर धरायला आडवा दांडा. सगळं मनासारखं झालं आणि घोडं अडलं ते दांड्यावर. नातीचे तळवे बसणार ते त्याच दांड्यावर, तेव्हा तो असा झाला पाहिजे की पोरीच्या हाताला काही म्हणता काही लागू नये. यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

आधी जाड दाण्याची ऐंशी नंबरची डिस्क, मग एकशेवीस, मग बारीक दाण्याची दोनशेवीस. प्रत्येक नंबरानं मागच्याचे ओरखडे पुसायचे आणि बोट फिरवून खात्री पटली की पुढच्यावर जायचं. शेवटी जवसाचं तेल. पण तेलाचा हात फिरला की कोऱ्या लाकडावर न दिसणाऱ्या वेलांट्या एकदम वर यायच्या. हे डिस्कला शिव्या घालायचे आणि पुन्हा ऐंशी नंबरपासून सुरू. सुपेल्याच्या बाजारातल्या डिस्का रिजेक्ट झाल्या. दुर्गच्या झाल्या. कुम्हारीला एक फर्निचरवाला चांगला माल ठेवतो असं कळलं, तर भर उन्हात मोटरसायकलवर तिथे जाऊन आणल्या, त्याही रिजेक्ट. जावयानं ऑनलाइन पाठवलेल्या डिस्कांवर तर पाकीट उघडताच फुल्या पडल्या. इकडे दांडा घासून घासून बारीक होत चालला होता आणि पलंगाचं लाकूड संपलं होतं. दिवाळी तोंडावर आली होती. हे जेवताना बोलेनासे झाले.

त्या दिवसांतली गोष्ट. सकाळी मी चहाचा गंज, म्हणजे पातेलं, गॅसवरून उतरवून ओट्यावर ठेवला आणि सांडशी शोधत होते. मध्ये आला म्हणून यांनी तो सहज दोन्ही हातांनी उचलला आणि बाजूला ठेवला. उकळता चहा, पातळ स्टीलचा गंज. याच माणसाला आयुष्यभर चहा कपातच लागला, कारण पेला हाताला चटका देतो. मी यांची बोटं ओढून पाहिली. लाल झाली होती. हे म्हणाले, काही नाही झालं, आणि पेपर घेऊन बाहेर गेले.

मला एकदम आठवलं, उन्हाळ्यात देवळात जाताना यांची एक चप्पल मागे राहिली होती आणि हे तसेच पुढे चालत गेले होते. तेव्हा मी रस्त्यात उभी राहून हसले होते. यांना शुगर आहे, बरीच वर्षं आहे. मी हसायला नको होतं.

हे आंघोळीला गेल्यावर मी मागच्या शेडमध्ये गेले. फुली मारलेल्या डिस्कांचा एक ढीग होता आणि त्यातून पास झालेल्या थोडक्यांचा एक. मी साडी तपासते तसं बोट फिरवलं. फुलीवाली डिस्क एकसारखी, सरळ. दुसरी घेतली, तीही तशीच. मग पास झालेली घेतली आणि मधोमध काहीतरी टोचलं. चांगलं आणि वाईट दोन्ही ढिगांत सारखंच मिसळलेलं होतं. डिस्कांचा काही दोष नव्हता. माल तपासणाऱ्यालाच कळत नव्हतं, आणि तपासणाऱ्याला तपासायचं कुणाच्या मनात येतं?

आधी भीती वाटली, मग राग आला. पण ज्या बोटाच्या जोरावर हा माणूस ताठ मानेनं जगला, ते बोट रिजेक्ट झालं हे त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं ते मला सुचेना.

संध्याकाळी हे फिरायला गेले तेव्हा मी माझी जुनी जॉर्जेटची साडी काढली. जॉर्जेटसारखं चुगलखोर कापड दुसरं नाही, जरा कुठे काही बोचलं की लगेच धागा ओढला जातो. पदर दांड्याभोवती गुंडाळून हळूहळू सरकवत गेले आणि जिथे अडकला तिथे यांच्याच खडूनं बारीक फुली केली. फुल्या करण्यात मी इतकी गुंतले होते की हे परत येऊन दारात उभे राहिलेले मला कळलंच नाही.

"काय करून राहिली?"

"तुमचा माल तपासून राहिले," मी म्हटलं.

हे आले आणि समोरच्या पाटावर बसले. दांड्यावरच्या फुल्या पाहिल्या, मग माझ्या हातातली साडी पाहिली. मला वाटलं आता चिडतील.

"मले माहीत हाये," हे म्हणाले. "पावसाळ्यापासून बोटाले काही समजून नाई राहिलं."

"मंग सांगतलं कावून नाई?"

"सांगतलं असतं त तू सँडर काढून घेतला असता." यांनी माझ्यापुढचा खडू उचलून खिशात ठेवला. "अन् मले दुसरं येते काय?"

मी रडले, आणि रडतारडता भांडलेही. एवढ्या वर्षांत माझ्याकडून चहात साखर जास्त पडली तर शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं सांगणारा माणूस, ही गोष्ट तेवढी पोटात ठेवून बसला याचा मला फार राग आला, आणि यांची फार दयाही आली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे ओढून नेलं. त्यांनी गोळ्या बदलल्या, पाय रोज पाहायला सांगितले, यंत्र थोडा थोडा वेळच चालवायचं म्हणाले. बोटांचं काय, असं हे विचारत होते. डॉक्टर म्हणाले, काही परत येईल, काही नाही, आशा धरायची आणि शुगर सांभाळायची.

पांगुळगाडा दिवाळीच्या आधी झाला. दांडा ठरवला होता त्यापेक्षा बारीक झाला, पण नातीच्या मुठीत तो नेमका बसला. आता ती त्याच्याशिवाय पळते आणि कार्टून पाहून पाहून आमच्याशी हिंदीत बोलते. ते सगळं आहेच. पण मला जास्त आठवतं ते डॉक्टरकडून येताना आम्ही दुर्गच्या त्या दुकानात थांबलो, ते.

शेवटच्या हाताला दोनशेवीस नंबरच्या डिस्का हव्या होत्या. सवयीनं मी स्टुलाकडे वळले. यांनी मला काउंटरवर बोलावलं. डिस्क वाकवून पाहिली, वेल्क्रो पाहिली, भोकं मोजली, आपटून पाहिली. मग थांबले, आणि माझा हात धरला.

आमच्यात नवऱ्यानं बायकोचा हात चारचौघांत धरला तर तो लग्नात, भटजींनी सांगितलं म्हणून. त्यानंतर रस्ता ओलांडतानाही हे दहा पावलं पुढेच असायचे. त्या भर बाजारात यांनी माझी तर्जनी आपल्या बोटांत घेतली, डिस्कवर टेकवली आणि आपण फिरवायचे तशी हलकेच सगळीकडे फिरवली. यांची बोटं थंड होती. माझे कान गरम झाले होते. दुकानदार हातातलं काम सोडून आमच्याकडे बघत होता.

"डोळे मीट," हे म्हणाले. मी मिटले.

दुकानदारानं हसत विचारलं, "क्या हुआ अंकल, माल पास?"

"मुझसे क्या पूछते हो," हे म्हणाले, "इंस्पेक्टर तो ये हैं." आणि खिशातला खडू काढून माझ्यापुढे ठेवला.

डिस्क चांगली होती. एकसारखी, कुठे काही टोचत नव्हतं, हे मला पहिल्याच फेरीत कळलं होतं.

"नीट समजलं नाई," मी डोळे न उघडता म्हटलं. "पुन्हा एकदा फिरवा."