आतून न उघडणारं दार

माझ्या थोरल्या साडूंइतका गाड्या ओळखणारा माणूस यवतमाळ जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि माझ्याइतका न ओळखणाराही. मला गाडीचा फक्त रंग कळतो. एकदा मंगल कार्यालयाबाहेर मी आपलीच समजून एका पांढऱ्या गाडीत जाऊन बसलो आणि वर ड्रायव्हरला "चला, उशीर होतोय" असं दरडावलंही. त्या गाडीत नवरी बसायची होती. साडूंनीच मला हाताला धरून उतरवलं आणि पुढे ती गोष्ट तिखटमीठ लावून साऱ्या नात्यात पोचवली.

त्यांची ओळखायची रीतही निराळी. कंपनीचं नाव ते घेतच नाहीत. गाडी कुणाची आणि तिच्यातून कोण गेलं, एवढंच सांगतात. "हे दिग्रसच्या डॉक्टरची. याच्यातच त्याची पोरगी सासरी गेली." हे रस्त्याच्या मधोमध उभं राहून. मागचे हॉर्न वाजवून थकतात.

ताई, म्हणजे त्यांची बायको आणि माझी मेव्हणी, गेल्यावर हा नाद सुटेल असं वाटलं होतं. तो वाढला. परवा सकाळी फोन आला, "साडभाऊ, लोहाऱ्यात भंगारवाल्याकडं आमच्या वरातीची गाडी उभी हाय. उद्या कापून राह्यला थो. ओळख पटवाले या."

लांबलचक परदेशी गाडी, मागे माशासारखे दोन पर. रंग सगळा गंजाचा, म्हणजे माझं होतं नव्हतं तेवढं ज्ञानही बाद. दारव्ह्याच्या कापसाचं जिन चालवणाऱ्या एका शेटनं त्यांच्या वरातीला अशीच गाडी हौसेनं दिली होती. घरापाशी पोचल्यावर नवरदेव उतरून मित्रांना बॉनेट दाखवत बसले आणि नवरी आत अडकली. तिच्या बाजूचं दार आतून उघडत नव्हतं. "पहिल्याच दिवशी मले कोंडलं," हे ताईंनी जन्मभर ऐकवलं.

"त्या बाजूनं बसा," साडू म्हणाले, "अन् आतून उघडून पाहा."

मी पोट सावरत बसलो. दार लावलं. उघडेना. मी काच वाजवली, तर ते दुसऱ्या बाजूनं आत येऊन, तिकडचं दार उघडंच ठेवून, माझ्या शेजारीच बसले.

"नाही उघडत ना?"

"नाही."

फाटक्या सीटवरून त्यांनी हात फिरवला. "थे इथंच बसली होती. मी तिकडं बॉनेट पाहून राह्यलो होतो."

मग ते उतरले. बॉनेटकडे न बघता मागच्या बाजूनं वळसा घालून आले, माझं दार उघडलं आणि ते धरून उभे राहिले. भंगारात गंजलेल्या गाडीचं कुठलंच दार आतून उघडत नसणार, एवढं माझ्यासारख्या अडाण्यालाही कळत होतं. पण त्यांचं तोंड बघून माझ्यानं राहवलं नाही.

"थेच हाय, साडभाऊ," मी म्हणालो.