किसनरावांचा भोंगा

किसनराव भोंगा तोंडाला लावल्याशिवाय बोलतच नसत, असं म्हटलं तर लोकांना थट्टा वाटेल. पण अमरावतीतला आमचा हा शेजारी, फौजेतला माजी हवालदार, अगदी तसाच होता. रविवारी सकाळी टॉकीजला इंग्रजी सिनेमा लागला की हे पडद्याच्या कडेला पत्र्याचा भोंगा घेऊन उभे राहत आणि पुढच्या बाकांवरच्या मंडळींना गोष्ट वऱ्हाडीत समजावून देत. "पाहा बाप्पा, तो तिले म्हनून राहिला, तुह्या बापाले मी भेत नाई!" पडद्यावरचा साहेब बिचारा चहा मागत असायचा. मी इंग्रजीचा मास्तर, मागे बसून कपाळावर हात मारायचो.

घरी मात्र गृहस्थ मुका. इटलीच्या लढाईत दिवस काढून आलेला माणूस, पण विचारावं तर खेचरांची गोष्ट सांगणार. "तथची खेचरं, मास्तर, आपल्या वकिलांपेक्षा शहानी. फायदा दिसला नाई तं पाय उचलत नाईत." आम्ही हसायचो. पुढे काही विचारलं की "जाऊ द्या ना बाप्पा" म्हणून विडी पेटवायचे. मला असा संताप यायचा!

चीनच्या लढाईनंतर त्यांच्या एकुलत्या एक वसंताने अकोल्याच्या लष्करभरतीला जायचं ठरवलं. किसनराव माझ्याकडे आले.

"मास्तर, तुमी सांगा पोट्ट्याले. जाऊ नोको म्हना."

"बाप तुम्ही, लढाई पाहिलेले तुम्ही, आणि सांगायचं मी?"

"मले घरी नाई बोलता येत." मग म्हणाले, "रविवारी लढाईचा सिनेमा हाये. त्याले घेऊन या फक्त."

सिनेमा भलताच निघाला. झेंडे नाहीत, भाषणं नाहीत. नुसता चिखल, थंडी आणि भेदरलेली पोरं. शत्रूकडचा एक शिपाई खड्ड्यात पडला तशा पुढच्या बाकांवरून शिट्ट्या सुरू झाल्या. त्या शिपायाचे ओठ हलत होते, पण तोफांच्या आवाजात शब्द मलाही कळेनात.

"शिट्ट्या बंद करा!" भोंगा कडाडला. "तो पानी मांगून राहिला. तो म्हनते, किसन, घोटभर पानी पाजून जा गड्या."

किसन? गोऱ्या शिपायाच्या तोंडी? मी चरकलो. शेजारी वसंता ताठ होऊन बसला.

"मायी बाटली भरेल होती, बाप्पा. पन हुकूम आला, पुढं चाला. मी पुढं गेलो. तो मांगं हाका मारून राहिला होता."

मध्यंतरात टॉकीजच्या मालकाने भोंगा हिसकावून घेतला. "लोक इथे मजा पाहायला येतात, रडायला नाही!" किसनरावांना त्याचं काही नव्हतं. बाहेर वसंता डोळे पुसत होता, ते त्यांनी पाहिलं होतं. आम्हाला त्यांनी आग्रहाने चहा पाजला. मलाही वाटलं, झालं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसंता ट्रंक घेऊन त्यांच्या दारात उभा!

"काहून रे? काल आयकलं नाई का?"

"आयकलं, बाबा. म्हनूनच चाललो. जखमी उचलनाऱ्यांत नाव देतो. मी थांबीन."

तो गेला. किसनराव माझ्या ओट्यावर येऊन बसले. "जल्मात एकडाव तोंड उघडलं, मास्तर, अन् त्यानंच पोट्टं गेलं!" मला बापाचाही राग आला होता आणि पोराचाही. भोंगा मालकाने परत देऊ केला, तो त्यांनी घेतला नाही.

पासष्टची लढाई संपल्यावर वसंता धडधाकट सुट्टीवर आला. सारी गल्ली ओसरीवर जमली. "सांग ना गड्या, कशी असते लढाई?"

वसंता हसला. "आमच्या सैपाक्याच्या पोया अशा जाड, की कुत्रं वास घे अन् सलाम ठोकून चाललं जाये!"

हशा उसळला. मीही हसलो, आणि लगेच माझं डोकं फिरलं. अरे, पुन्हा तेच? मी मुद्दाम विचारलं, "आणि जखमी रे?"

"जाऊ द्या ना, मास्तर."

किसनराव तेवढे हसले नव्हते. ते उठून आत गेले, पाण्याचा तांब्या भरून आणला आणि लेकासमोर धरला. "पे," म्हणाले.

वसंताने तांब्या दोन्ही हातांनी घेतला. तोंडाला मात्र त्याला तो लावता येईना.